तिसऱ्या मजल्याचं पाणी

बायजाबाई हिवराळे नेरुळच्या नव्या घरात राहायला आली तेव्हा घरातल्या सगळ्या वस्तूंशी तिचं जमलं, फक्त नळाशी जमेना. गॅसला ती चार दिवस घाबरली आणि मग त्याच्यावरच भाकरी भाजायला लागली. पंखा तर तिला पहिल्या दुपारीच आवडला. पण नळापुढं ती अवघडून जायची. तांब्या नळाखाली ठेवायची, दोन पावलं मागं सरायची आणि वाट बघत उभी राहायची. सून सुमेधा आत आली की तिला हे ध्यान दिसायचं.

"आत्या, फिरवा की चावी. नुसत्या काय बघत बसलाय?"

"तूच फिरव माय. तुजा हात लागू दे."

सुमेधा चेंबूरच्या वस्तीत वाढलेली. सार्वजनिक नळावर भांडून आपला हंडा पुढं सरकवणारी पोरगी ती. नळाला लाजणारी बाई तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिली. धर्मराजला, म्हणजे बायजाबाईच्या मुलाला, आईचं हे वागणं नीट कळत होतं. पण तुर्भ्याच्या कारखान्यातून थकून आलेला तो माणूस जेवायचा आणि गप्प राहायचा.

परभणीकडच्या त्यांच्या गावात विहीर होती, चांगली पायऱ्यांची, बारमाही. बायजाबाईच्या लोकांनी मात्र तिला हात लावायचा नव्हता. विहिरीपासून लांब घागर ठेवायची आणि मागं सरायचं. पाणी न्यायला आलेल्या एखाद्या बाईला दया आली, तर ती आपल्या घागरीतून वरून धार सोडणार. घागरीला घागर लागता कामा नये. दया आली नाही, तर ऊन डोक्यावर येईस्तोवर बसायचं. पुढं कायदे झाले, वस्तीत हापसाही आला, पण तो उन्हाळ्यात आटायचा आणि बायका पुन्हा त्याच विहिरीपाशी जाऊन बसायच्या. सांगायचं काय, तर पन्नाशी उलटेपर्यंत बायजाबाईला पाणी मिळालं ते दुसऱ्याच्या हातून. स्वतः चावी फिरवायची आणि पाणी घ्यायचं, हे तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं. नवरा वारल्यावर मुलानं तिला इकडं आणलं ते त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर. सवय काय बोचक्यात बांधून गावीच ठेवून येता येते थोडीच!

पाणी वापरायची तिची तऱ्हाही सगळ्यांहून वेगळी होती. भाजी धुतलेलं पाणी ती भांडी विसळायला घ्यायची. भांडी विसळलेल्या पाण्यानं मोरी धुऊन निघायची. आणि मोरीतलं पाणी इमारतीच्या मागच्या बाजूला जिथं पडायचं, तिथं तिनं अळूचा वाफा केला होता. स्वतःची आंघोळ म्हणजे हातपाय ओले झाले की झालीच. सुमेधा मात्र बादली भरून वाहिली तरी बोलत राहायची, धुणं पुन्हापुन्हा स्वच्छ पाण्यातून आघळायची, फेस गेला तरी आघळायची. बायजाबाई काही म्हणायची नाही. सुनेच्या राज्यात बोलू नये एवढी अक्कल तिला होती. पण बादली वाहायला लागली की ती उठून आतल्या खोलीत जायची. ते तिला खरोखर बघवत नसे.

इमारत तीन मजल्यांची, खाली दोनच घरं. त्यातल्या एकाचा मालक दुबईला, दाराला कुलूप. थंडीत पाण्याची काही अडचण नव्हती. सकाळ-संध्याकाळ पाणी यायचं आणि सगळीकडं चढायचं. मग आजूबाजूला नवनव्या इमारती उठल्या, माणसं राहायला आली, आणि चौऱ्याऐंशीचा उन्हाळा लागेपर्यंत पाण्याचा जोर ओसरला. वरचे नळ नुसते सू सू करायला लागले. गच्चीवर टाकी होती, पण तिच्यात पाणी चढवणारा पंप सोसायटीच्या ठरावात होता, जागेवर नव्हता. राहिला एकच नळ, तळमजल्यावरच्या हिवराळ्यांचा. त्याला मनगटाएवढी धार.

दार उघडलं की समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, त्यामुळं घर कुणाचं हे कुणाला विचारावं लागत नसे. पहिल्यांदा खाली आली ती पहिल्या मजल्यावरची वेणूबाई, साताऱ्याकडची, आडदांड बोलणारी आणि मनानं सरळ. तिनं तसबिरीकडं एकदा बघितलं, हातातल्या रिकाम्या हंड्याकडं एकदा बघितलं, आणि आत पाऊल टाकलं.

"पानी हाय न्हवं तुमच्यात?"

"हाय की! ये, ये," बायजाबाई म्हणाली. वेणूबाईचा हंडा नळाखाली आला, आणि बायजाबाईचा हात आपसूक चावीवर गेला. स्वतःच्या तांब्यासाठी जो हात महिनोन्‌महिने पुढं होत नव्हता, तो दुसरीच्या हंड्यासाठी झाला. सुमेधा दारातून बघत होती. तिला हसू आलं आणि मग का कोण जाणे, डोळ्यांत पाणीही आलं.

आठवड्याभरात सगळा जिना हिवराळ्यांच्या दारात यायला लागला. बायजाबाईनं आपण होऊन नळाचा कारभार हातात घेतला. तिचा कायदा साधा होता. आधी सगळ्यांचं प्यायचं पाणी, धुण्याभांड्याचं मागून. कुणी मधे घुसायचं नाही, आणि कुणाला ताटकळत ठेवायचं नाही. हा शेवटचा कायदा तिच्या स्वतःच्या जिवातून आला होता. कुणी दारात उभं राहिलं की ती हातातलं काम टाकून उठायची. बायकांना वाटायचं, म्हातारी फार लगबगीची आहे. खरं कारण तिला एकटीला माहीत होतं.

येणाऱ्या बायकांत तिचा जीव सगळ्यात जास्त जडला तो तिसऱ्या मजल्यावरच्या चारुलतावर. चारुलता सबनीस. गिरगावातली, गोरीपान, बारीक चणीची. लग्नाला वर्ष झालेलं. आई लहानपणीच गेली, आजीनं वाढवलं, आता आजीही नव्हती. सासू कोकणात अंथरुणाला खिळलेली. नवरा अरविंद फोर्टातल्या बँकेत, सकाळी सगळ्यांच्या आधी बसला जाणारा. आणि पोरीला दिवस गेलेले. माहेरच नाही, तर पहिलं बाळंतपण करायचं कुठं आणि कुणी? चारुलता याबद्दल हसून बोलायची, पण हसू ओठांपुरतंच असायचं.

बायजाबाई तिचा तांब्याचा हंडा अर्धाच भरायची. "पुरा न्हाई मिळायचा. हवं तर दोनदा ये. पोटुशी बाई, तीन जिने चढायलीस." मग स्वतःच्या हातानं हंडा उचलून तिच्या कमरेवर द्यायची आणि ती पहिल्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत जिन्याकडं बघत राहायची. चारुलता तिला मावशी म्हणायची. गावात तिला नुसतं 'ए बायजे' म्हणायचे. म्हणून 'मावशी' हा शब्द ऐकायला ती कधीकधी मुद्दामच काहीतरी विचारायची.

तर असं सगळं छान चाललं होतं. आणि मग त्या अळवानं घात केला.

वाफ्यावर वरच्या तिन्ही घरांच्या मोऱ्यांचे पाइप उतरायचे. त्यांतून काय येतं हे बायजाबाईला पाठ झालं होतं. दुसऱ्या मजल्याचं पाणी साबणाचं, पहिल्या मजल्याचं राखेचं आणि चिंचेचं, कारण वेणूबाईला भांडी लख्ख लागायची. पण तिसऱ्या मजल्याच्या पाइपातून रोज पहाटे, नळ यायच्या जरा आधी, एकदम धो धो पाणी यायचं, आणि ते पाणी स्वच्छ असायचं. ना साबण, ना खरकटं. बायजाबाईनं ओंजळीत धरून बघितलं. प्यायचं पाणी! अळू तरारलं होतं ते उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी ती पहाटे मागं जाऊन उभी राहिली आणि मान वर करून बघत राहिली. तिसऱ्या मजल्यावर मागच्या गॅलरीतच मोरी होती. चारुलता तिथं आली. तिनं तो तांब्याचा हंडा उचलला, कालच बायजाबाईनं आपल्या हातानं भरून तिच्या कमरेवर दिलेला, आणि मोरीत पालथा केला. दिलेल्यातलं बरंचसं पाणी उरलं होतं त्यात. पाइप वाजला. बायजाबाईच्या पायांशी पाणी आलं, तिच्या पायांवरून अळवात गेलं.

ती तिथंच खाली बसली.

याचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती लहान असताना, धावता धावता तिचा हात विहिरीवरच्या एका बाईच्या भरल्या घागरीला लागला होता. त्या बाईनं शिवी दिली नाही की मारलं नाही. तिनं घागर उचलली आणि सगळं पाणी तिथंच मातीत ओतलं, तहानलेल्या बायजाच्या डोळ्यांदेखत. पुढं बहात्तरच्या दुष्काळात सगळा गाव एकत्र खडी फोडत होता. टँकरचं पाणी यायचं, माणसं थेंबाथेंबासाठी जीव टाकायची. तेव्हाही एकदा कुणाच्या हंड्याला कुणाचा हंडा लागला, आणि त्या तसल्या दिवसांत, त्या तसल्या उन्हात, भरला हंडा ओतून दिलेला तिनं पाहिला होता. सुमेधाची वाहती बादली तिला का बघवत नव्हती, याचं मूळ इथं होतं. ओतून दिलेलं चांगलं पाणी दिसलं की तिला वाटायचं, आता कुणाचा तरी हात लागला असणार.

तिला राग आला का? आला. पण त्याहून जास्त वाईट वाटलं, आणि ते चारुलतासाठीही वाटलं. ही पोटुशी पोर आपलं पाणी घेऊन तीन जिने चढते आणि सकाळी टाकून देते. टाकून देण्यासाठी एवढे कष्ट! आपल्या हाताचाच प्रश्न असेल, तर आपण हात लावू नये. पाणी तरी वाचेल, पोरीचे श्रम तरी वाचतील. एवढा सरळ विचार करून ती उठली. घरात कुणाला काही बोलली नाही.

त्या दिवशी चारुलता हंडा घेऊन आली, तेव्हा बायजाबाई तिच्या हंड्याकडं गेली नाही.

"खाली ठेव तितं. आनि जरा मागं सर, माय."

मग तिनं स्वतःची चरवी नळाखाली भरली आणि हात उंच धरून वरून हंड्यात धार सोडली. चरवी हंड्याला लागू दिली नाही. शिंतोडा उलटा उडणार नाही इतक्या बेतानं ओतलं. आयुष्यभर तिनं ही धार खालून बघितली होती, त्यामुळं कशी सोडायची ते तिला न शिकता येत होतं. हंडा अर्धा भरला. तिनं तो उचलून दिला नाही. चारुलताचा गोरा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तिनं आपला आपण हंडा उचलला आणि गेली. मागून आलेल्या वेणूबाईच्या हंड्याला बायजाबाईनं नेहमीसारखा हात लावला, कारण वेणूबाई तर तिच्याच तांब्यानं घटाघटा पाणी प्यायची.

असं तीन-चार वेळा झालं आणि चारुलता यायची बंद झाली.

रस्त्यापलीकडं, नव्या इमारतीच्या बांधकामापाशी मजुरांसाठी एक नळ काढला होता. सुट्टीच्या दिवशी अरविंद तिथून पाणी आणायचा. बाकीचे दिवस चारुलता जायची, त्या उन्हात, त्या पोटानं. बायजाबाई खिडकीतून बघायची. तिला काही उमजेना. तिनं तर पोरीच्या मनासारखंच केलं होतं!

ही गोष्ट जिन्यात फिरायला कितीसा वेळ लागणार? वेणूबाईनंच धर्मराजला गाठलं. "भाऊ, राग मानू नगा. पन तुमच्या आई त्या चारूला पानी वरनं वतत्यात. शिवून घेत न्हाईत. पोर रडत हुती माझ्यापाशी."

धर्मराज घरात आला तो तापूनच. "आई, काय चाललंय तुझं? आपल्याला जे केलं ते तू लोकांना करतेस? लोक काय म्हणतील? ह्यांना दिवस बरे आले तर हे पण तसेच निघाले, हेच म्हणणार ना!"

आपण केलेल्या गोष्टीला ही बाजू आहे हे बायजाबाईच्या डोक्यात आलंच नव्हतं. मग हळूहळू तिनं सगळं सांगितलं: अळूचा वाफा, पाइप, पालथा केलेला हंडा. "म्या शिवलेलं पानी सांडायली रं ती. म्हनून हात लावला न्हाई. पानी कशाला नासवायचं?"

धर्मराजचा राग विझला नाही, नुसती दिशा बदलली. "बास झालं. उद्यापासून दार बंद. आपलं पाणी बाटतं ना? मग कुणालाच नको. तहानेनं मरू देत सगळे."

"न्हाई," बायजाबाई म्हणाली.

"आई..."

"न्हाई म्हनले ना! पान्याला दार लावायचं न्हाई. लई बसले मी तसल्या दारापुढं." ती मुलाशी इतक्या जोरात आयुष्यात कधी बोलली नव्हती. "तिला आमचा हात नको असंल तर नसू दे. पर ती पोर त्या उन्हात दगडाधोंड्यातून पानी आनायली. पडली-बिडली तर? त्ये काय मला बघवनार हाय?"

सुमेधा इतका वेळ कणीक मळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "मग तिलाच विचारा ना, आत्या. आपण तिघं आपसात बोलून काय होणार?"

ही साधी गोष्ट तिघांपैकी एकाच्याच डोक्यात आली, आणि ती दोन दिवस लांबणीवर पडली, कारण विचारायला धीर लागतो. आणि उत्तर काय येईल याची बायजाबाईला जवळजवळ खात्रीच होती. आतापर्यंत ते तिनं स्वतःपुरतं ओळखलं होतं. विचारलं की ते पोरीच्या तोंडून ऐकावं लागणार होतं, आणि मग तो 'मावशी' शब्द कायमचा गेला असता.

तिसऱ्या दिवशी खिडकीतून तिला चारुलता दिसली. रस्ता ओलांडून, कमरेवर हंडा, दुसरा हात पाठीवर. खडीच्या ढिगाऱ्यापाशी ती थांबली आणि हंडा खाली ठेवून तिथंच टेकली. बायजाबाई अनवाणीच बाहेर पडली. खडी तापली होती, पण तिच्या पायांना ती ओळखीचीच.

"ऊठ. घरी चल."

"नको मावशी. बसते जरा, जाईन मी."

बायजाबाई तिच्यासमोर उभी राहिली. विचारायचं ठरवलेलं सगळं विसरली आणि जे तोंडात आलं ते बोलली. "माज्या हातचं पानी तुला चालत न्हाई, तर मोकळं सांगायचं. रोज सकाळी वतून कामून देतीस? आनि म्या हात लावायचा सोडला, तरीबी रुसलीस. मग म्या करू तरी काय, सांग!"

"ओतून? काय ओतून देते मी?"

"पानी. हंडा पालथा करतीस मोरीत. म्या डोळ्यानं बघितलंय, मागं अळवापाशी."

चारुलताचा चेहरा असा काही बदलला की बायजाबाईला वाटलं पोरीला कळा सुटल्या. "अहो मावशी, ते शिळं पाणी!"

"काय?"

"शिळं. कालचं. आमच्याकडे कालचं पाणी पीत नाहीत. गिरगावात सकाळी नळ आला की आजी आधी सगळे हंडे पालथे करायची, मग ताजं भरायची. माझ्या हाताला सवयच लागली. तुमच्याकडचं म्हणून नाही हो, लग्नाआधीसुद्धा रोज ओतायची."

"शिळं?" बायजाबाईनं कमरेवर हात ठेवले. "पानी कामून शिळं व्हईल? पानी काय भाकर हाय? आमच्याकडं चार-चार दिवसांचं पानी पिऊन लेकरं मोठी झाली. आनि तू तीन जिने चढवून न्यायचीस आनि त्ये वतून द्यायचीस? आगं, धुन्याला तरी घ्यायचं!"

"हो ना," चारुलता म्हणाली. "तसा विचारच कधी केला नाही." ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "आणि मला काय वाटलं सांगू? माझी आजी असंच करायची. दारात कुणी पाणी मागायला आलं की वरून ओतायची, हंड्याला हंडा न लावता. मी शेजारी उभी राहून बघायची. तुम्ही तसं ओतलंत ना, मला वाटलं, तुम्ही आजीचं माझ्याकडून वसूल करताय. आणि आणखी वाटलं, करू देत, यांचा हक्कच आहे. पण पुन्हा तिथं उभं राहवेना."

बायजाबाई खडीवर तिच्या शेजारी बसली. रस्त्यावरून एक ट्रक धूळ उडवत गेला. तिनं पदरानं आधी पोरीचं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

"तुजी आजी असती," तिनं हळूच विचारलं, "तर माज्याकडचं पानी पेली असती का?"

चारुलता खोटं बोलली असती तरी चाललं असतं. "नसती," ती म्हणाली. "ओतून दिलं असतं. आणि पहिल्या दिवशी ह्यांनीसुद्धा विचारलं होतं, 'पाणी त्यांच्याकडून आणलंस?' मी म्हटलं, 'नळाचं आहे.' तेवढंच म्हटलं. आणखी बोलायला हवं होतं."

बायजाबाईला ते लागलं, पण बरंही वाटलं. आयुष्यात लोकांनी तिला पुष्कळ दुखावलं होतं. दुखेल ते तोंडावर सांगून मग शेजारी बसून राहिलेलं मात्र कुणी नव्हतं. "चल," ती म्हणाली, आणि तो हंडा उचलून स्वतःच्या कमरेवर घेतला.

त्यानंतर पहाटे तिसऱ्या मजल्याचा पाइप वाजायचा बंद झाला. चारुलता कालचं पाणी धुण्याला घ्यायला लागली. अळू थोडं सुकलं, तेव्हा बायजाबाई सुनेला म्हणाली, "सुकू दे मेलं, लई लबाड निगालं ते." धर्मराजनं सोसायटीच्या मीटिंगमधे पंपासाठी एवढी भांडणं केली की पावसाळा संपायच्या आत पंप बसला. वरचे नळ वाहायला लागले, जिन्यातली वर्दळ थांबली. बायजाबाईला सुनंसुनं वाटलं, पण ते तिनं कुणाला सांगितलं नाही. हिवराळ्यांच्या नळावर आता फक्त हिवराळेच पाणी भरत होते, आणि आता ती चावी आपली आपण फिरवायची.

श्रावणात चारुलताला मुलगी झाली. दवाखान्यातून ती घरी आली, त्याच्या दुसऱ्या सकाळी दार वाजलं. दारात अरविंद. हा माणूस इतक्या महिन्यांत या उंबऱ्याशी कधी आला नव्हता. तो तसबिरीकडं बघत नव्हता, जमिनीकडं बघत होता.

"मावशी," तो म्हणाला, आणि हा शब्द त्याला सवयीचा नव्हता हे कळत होतं. "चारू म्हणते, बाळाला न्हाऊ तुम्ही घालायचं. म्हणजे... मी पण म्हणतो. बाई लावता आली असती, पण आम्हाला तुम्हीच हव्यात. पाणी तापवून ठेवलंय मी."

तिसरा मजला बायजाबाईनं आतापर्यंत फक्त खालून बघितला होता. ती कठडा धरत वर गेली. मागच्या गॅलरीत, त्याच मोरीत पाट मांडला होता. शेजारी पाण्यानं काठोकाठ भरलेल्या बादल्या, आणि एका बाजूला तो तांब्याचा हंडा, वाफाळता. ती पाटावर बसली, लुगडं गुडघ्यांपर्यंत ओढून पाय लांब केले, आणि चारुलतानं बाळ तिच्या पायांवर दिलं.

वस्तीतली कितीतरी लेकरं तिनं न्हाऊ घातली होती. पण दुष्काळाच्या साली झालेली तिच्या लेकीची मुलगी तिनं महिनोन्‌महिने ओल्या फडक्यानं नुसती पुसली होती. पुसताना दर वेळी त्या लेकराची माफी मागितली होती. आता तिनं तेल लावलं, डाळीचं पीठ लावलं, पाठ, मान, इवल्या मुठी, सगळीकडून हात फिरवला. मग तांब्या भरला आणि हात वर नेला. तान्ह्या बाळाला पाणी वरूनच घालावं लागतं. आणि तिथं तो हात थांबला.

चारुलता भिंतीला टेकून बघत होती. दोघींना एकच गोष्ट आठवली होती.

"घाला ना, मावशी," ती म्हणाली.

बायजाबाईनं धार सोडली. कोमट पाणी बाळाच्या पाठीवर पडलं, तिच्या पायांवर पसरलं. बाळ आधी चिरकलं, मग निवांत झालं. तिनं दुसरा तांब्या घातला, तिसरा घातला, मग मोजायचं सोडूनच दिलं. एका तांब्यात हातपाय ओले करणारी ती बाई हंडा संपवून बादलीकडं वळली.

खाली सुमेधा मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होती. तिसऱ्या मजल्याचा पाइप कधीचा वाजत होता, थांबायचं नाव नव्हतं. तेलाचा आणि डाळीच्या पिठाचा वास येणारं कोमट पाणी अळूचा वाफा भरून तिच्या पायांपर्यंत आलं. ती मान वर करून ओरडली, "चारूताई, अहो, कोण सांडतंय एवढं पाणी?"

गॅलरीतून चारुलता वाकली नाही. सुमेधाला आतूनच आपल्या सासूचा आवाज ऐकू आला.

"म्या सांडायले. सांडू दे आज."